ताशी सत्त्याण्णव

येत्या शनिवारपासून आपण बंट करणार नाही, असं लवंगीने जाहीर करून टाकलं. जेवणाच्या टेबलावर, चमचा तलवारीसारखा उंचावून, एखाद्या राणीने राज्याचा कारभार हाती घ्यावा अशा थाटात! आईने तिच्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "बरं. अजून वाढू?"

घरच्यांना इतिहास घडताना दिसत नाही, तो असा.

बंट म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, म्हणजे लवंगीचं दुःख नीट कळेल. सॉफ्टबॉलमध्ये पिचर बॉल टाकते आणि बॅट घेऊन उभी असलेली मुलगी अंगातलं सगळं बळ काढून तो लांब पिटाळते. ही झाली खेळायची रीत. बंट करणारीने मात्र बॅट आडवी धरायची, बॉलला नुसती टेकवायची, आणि तो पायाशी टुपकन पडला की जीव घेऊन पळत सुटायचं. म्हणजे मोठ्या समारंभाला बोलवायचं आणि दारातच पाणी देऊन परत पाठवायचं, त्यातला प्रकार!

शाळेच्या संघात आल्यापासून लवंगी हेच करत आली होती. अंगाने ती एवढीशी. पाठीला दप्तर लावलं की मागून पाहणाऱ्याला वाटायचं, दप्तरच एकटं शाळेत निघालंय. उंची कमी आणि जीभ तिखट, म्हणून लवंगी. बॅटिंगच्या क्रमात तिचा नंबर शेवटचा, नववा. तिची पाळी आली की खेळाच्या बाई लांबूनच शिट्टी फुंकायच्या आणि म्हणायच्या, "लवंगी, टेकव आणि पळ." या बाईंच्या गळ्यात शिट्टी अष्टौप्रहर लटकत असायची. झोपतानाही काढत नसाव्यात, असा मुलींचा अंदाज होता. म्हणून त्या शिट्टीबाई. शिट्टीबाईंचे नियम पोलादी. त्यातला पहिला हा, की हेल्मेट घातल्याशिवाय कुणी बॅटला हातसुद्धा लावायचा नाही. एकदा एका मुलीने बॅट नुसती पुसायला घेतली होती, तर बाईंनी तिला हेल्मेट घालून पुसायला लावली.

चौथ्या नंबरला यायची बुलडोझर. संघातली सगळ्यात दांडगी मुलगी नेहमी चौथी येते, आणि बुलडोझर लवंगीच्या चांगली दीडपट होती. तिची ती जड काळी बॅट फिरली की बॉल कुंपणापलीकडच्या झुडपांत. आणि तो शोधून आणायला कोण? लवंगी. कारण काय, तर ती छान पळते!

शनिवारी बाई यंदाच्या सामन्यांचा क्रम ठरवणार होत्या. कुणी कितवं यायचं, कुणी मारायचं, कुणी टेकवायचं. एकदा ठरलं की वर्षभर त्यात बदल नाही. लवंगीला बुलडोझरची जागा नको होती. (म्हणजे हवी होती, पण ते ती कुणाला सांगत नव्हती.) तिला फक्त बॅट पुरती फिरवायची परवानगी हवी होती. एकदाच का होईना, बॉल दुसऱ्या कुणीतरी शोधून आणावा, एवढंच तिचं मागणं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं. वस्तूचं वजन दुप्पट केलं तर तिच्या अंगातली ऊर्जा दुप्पट होते. पण वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. सर हातोडीचं उदाहरण देत होते, वर्ग जांभया देत होता. लवंगी मात्र बाकावर अशी ताठ झाली की मागच्या मुलीला फळा दिसेना. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाच्या तरी आड आली होती! बुलडोझरकडे वजन आहे ना, असू दे बापडं. वजन काही मागून मिळत नाही. वेगाचं तसं नाही. वेग आपल्या हातात!

झालं. संघाच्या पोत्यातली सगळ्यात हलकी पिवळी बॅट तिने घरी आणली. ती बॅट लहान मुलींसाठी घेतलेली होती आणि लहान मुलींनीही ती नाकारली होती.

आता अडचण घराची. लवंगीच्या आईचं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. त्यामुळे घरात जिकडेतिकडे काचा. भिंतीला टेकलेल्या, पलंगाखाली सरकवलेल्या, न्हाणीघराच्या दाराशी कागदात गुंडाळलेल्या. त्या घरात शिंकसुद्धा लोक बेताने देत. बॅट घेऊन आलेल्या लेकीला आईने उंबरठ्यावरच अडवलं. म्हणाली, ही पिवळी वस्तू आत येणार असेल तर मी बाहेर जाते. म्हणून लवंगीची तालीम दुकानासमोरच्या फुटपाथवर सुरू झाली. हेल्मेट घालून अर्थातच. नियम म्हणजे नियम.

दोन दिवस ती वाऱ्याला झोडपत राहिली. पण वेग वाढतोय की नाही हे कळायचं कसं? वारा काही बोलत नाही.

गुरुवारी संध्याकाळी मामा आला.

वाहतूक पोलिसाला सगळा रस्ताच मामा म्हणतो. हा लवंगीचा सख्खा. दुकानासमोरचा रस्ता लांबलचक, सरळसोट. गाड्या अशा सुटायच्या की दुकानातल्या फ्रेमा थरथरायच्या. वेगाची हद्द ताशी पन्नास, आणि ती पाळायचे फक्त सायकलवाले, तेही चढावर. म्हणून वरिष्ठांनी मामाला तिथे उभा केला होता आणि नुकतीच त्याच्या हातात स्पीडगन दिली होती. दिसायला जाड बंदुकीसारखी, समोर धरली की मागच्या छोट्या पडद्यावर वेगाचा आकडा. त्या गावात जोरात गाडी हाकणाऱ्यांना रविवारी सकाळी वाहतूक कचेरीत वर्गाला बसवत. मोठमोठी माणसं शाळेच्या बाकांवर, आणि समोर खुद्द साहेब खडू घेऊन. यंत्र आल्यापासून वर्ग कसा भरून वाहतोय, हे मामा चहा पिताना कौतुकाने सांगत असे, जणू त्यानेच शाळा काढली होती.

यंत्र चालवायचं शिक्षण मामाने रीतसर घेतलं होतं. ते कुठे धरावं हे त्याला चोख ठाऊक होतं. कुठे धरू नये, हा भाग चालू असताना तो जरा चहाला बाहेर गेला होता, इतकंच.

लवंगीने यंत्र पाहिलं आणि तिच्या डोक्यात दिवा लागला. मामा आधी नाही म्हणाला. सरकारी वस्तू आहे, वाहनांसाठी आहे, खेळणं नव्हे. मग लवंगीने हेल्मेटच्या जाळीतून त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मामा तसा कर्तव्यकठोर. पण भाचीसमोर त्याचं कर्तव्य लोण्यासारखं.

"दोनदाच," तो म्हणाला.

लवंगी फुटपाथच्या कडेला रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. मामा दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याने यंत्र तिच्यावर रोखून, टोपी मागे सारून, पडद्यात डोळे घातले. त्याला जवळचं कमी दिसायचं, तेव्हा पडदा वाचायला सगळं चित्त एकवटावं लागे. पलीकडचा सिग्नल लाल होता. रस्ता रिकामा.

लवंगीने बॅट फिरवली. बावन्न. परत फिरवली. चोपन्न.

"बरं आहे ना?" मामाने विचारलं. त्याच्या धंद्यात पन्नासच्या वर म्हणजे गुन्हा, त्यामुळे त्याला ते पुष्कळच वाटलं. लवंगीचा चेहरा मात्र उतरला. चोपन्न! एवढ्या वेगाने तर शेजारच्या दुकानातली स्कूटर पण जाते. तिने ठरवलं, आता काहीतरी वेगळं करून पाहायचं. तिने बगळ्यासारखा डावा पाय उचलला, डोळे घट्ट मिटले, जिभेचं टोक दातांत धरलं आणि घशातून "हुं" काढत बॅट फिरवली.

त्याच क्षणी सिग्नल हिरवा झाला.

"अठ्ठ्याहत्तर," मामा म्हणाला. मग त्याने पडदा बाहीने पुसून पुन्हा वाचला. तरी अठ्ठ्याहत्तर.

परत बगळा, परत "हुं". त्र्याऐंशी! मामा उभाच राहिला. शास्त्र म्हणजे खात्री हवी, असं विज्ञानाचे सर नेहमी सांगायचे, म्हणून लवंगीने मुद्दाम दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, डोळे उघडे ठेवून बॅट फिरवली. सिग्नल लाल झाला होता. त्रेपन्न. पाय उचलला, डोळे मिटले, तोवर हिरवा. एक्याऐंशी. आता याहून वेगळं सिद्ध काय करायचं? मधे एकदा पाय उचलूनही एक्कावन्नच आले, पण मामाने कारण लगेच शोधून काढलं. तिचे डोळे नीट मिटलेले नव्हते.

यंत्राची तरी काय चूक? त्याला समोर मोठं आणि वेगाचं जे दिसेल ते त्याचं. एका बाजूला लहान मुलींनी नाकारलेली पिवळी काठी, दुसऱ्या बाजूला मागून धडधडत जाणारा ट्रक. तुम्ही यंत्र असता तर कुणाकडे पाहिलं असतं?

अशी गोष्ट फुटपाथवर लपून राहत नाही. शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आला. वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत उतरले आणि माझीही मोजा म्हणून अडून बसले. काठीने त्यांनी हवेत जेमतेम एक अर्धवर्तुळ काढलं. सहासष्ट! आजोबांनी आकडा दोनदा वदवून घेतला, आणि सूनबाईला सांगून येतो म्हणून जिना चढून गेले. वर जाताना त्यांनी काठी टेकली नाही. न्हाव्याने टॉवेल झटकला तर एकोणसत्तर. त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना अंग चोरून बसायला सांगतो.

एवढा गलका ऐकून आई बाहेर आली. तिच्या हातात काच मापायची लांब पट्टी होती. कामावर असताना हे काय चालवलंयस, असं म्हणत तिने ती पट्टी मामाच्या दिशेने नाचवली. यंत्र मामाच्या हातात रोखलेलंच होतं.

"ताई," मामा पडद्याकडे पाहून हळूच म्हणाला, "तुझ्या पट्टीचा वेग बहात्तर. लहानपणीच मला शंका होती."

तेवढ्यात लवंगीने शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. पाय वर, डोळे बंद, जीभ दातांत. बॅट फिरली आणि कानाशी एक जबरदस्त आवाज झाला, भर्रर्रर्र! तिच्या अंगावर काटा आला. बॅट हवा कापते ती अशी!

खरं म्हणजे तेव्हा तिच्या पाठीमागून एक काळी मोटारसायकल गेली. चालवणारीचे केस वाऱ्यावर, हेल्मेट डोक्याऐवजी कोपराला अडकवलेलं, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं काहीतरी चकाकतं उडत होतं. पण लवंगीचे डोळे मिटलेले, आई मामाकडे डोळे वटारून पाहतेय, न्हाव्याला साबण वाळत चालल्याची आठवण झालेली. मामाने नजरेच्या कोपऱ्यातून काहीतरी काळं पाहिलं. पण पडद्यावर आकडा उमटला आणि तो सगळं विसरला.

"सत्त्याण्णव," मामा म्हणाला.

शुक्रवारी शाळेत लवंगीने ही बातमी फक्त जवळच्या मैत्रिणींना सांगितली. मधल्या सुट्टीपर्यंत सत्त्याण्णवचे शंभर झाले, शेवटच्या तासाला एकशे वीस. खालच्या वर्गातल्या मुली तिला वाट करून देऊ लागल्या. पहिल्यांदाच कुणीतरी तिचं दप्तर न पाहता तिला पाहिलं. बुलडोझर तेवढी विचारात पडली. ती मुळात कमी बोलणारी. डबा संपवून तिने फक्त एवढंच विचारलं, "डोळे मिटून?"

"डोळे मिटूनच तर वेग येतो," लवंगी म्हणाली, अनुभवी माणसाच्या सुरात.

"मग बॉल कसा दिसतो?"

लवंगी हसली. मोठ्या शोधाच्या वेळी असे क्षुल्लक प्रश्न विचारणारे असतातच.

शनिवारी मैदानावर संघ गोळा झाला. साक्षीदार म्हणून लवंगीने मामाला बोलावलं होतं. तो ड्यूटीवर जाताना यंत्राची पेटी काखेत मारून आला आणि कुंपणाशी उभा राहिला. शिट्टीबाई पाठीमागे हात बांधून एकेकीची बॅटिंग पाहत होत्या. लवंगीचं नाव आलं.

"टेकव आणि पळ," बाई सवयीने म्हणाल्या.

"आज फिरवते, बाई. एकदा बघा."

बाईंनी भुवई वर केली, पण नाही म्हणाल्या नाहीत. लवंगीने पाय उचलला. डोळे मिटले. पिचरने बॉल टाकला आणि लवंगीने "हुं" म्हणत बॅट अशी फिरवली, की बॉल मागे बसलेल्या कॅचरच्या हातात जाऊन पडल्यावरसुद्धा ती फिरतच होती. दुसऱ्या वेळी ती स्वतःभोवती पुरती फिरून पिचरकडे पाठ करून उभी राहिली आणि तिथूनच पुढच्या बॉलची वाट पाहू लागली. तिसऱ्या वेळी एका पायाने दगा दिला आणि ती धपकन खाली बसली. मैदान हसून हसून गडाबडा लोळलं. बाईंनी शिट्टी फुंकली.

"लवंगी, हा पंखा झाला. वारा छान येतोय. पण मला बॉल लांब जायला हवा."

लवंगीचे कान लाल झाले. ती कपडे झटकत उठली आणि म्हणाली, की बॉलचं नंतर बघू, वेग तर बघा. ताशी सत्त्याण्णव आहे, सरकारी यंत्रावर मोजलेला. मामाला विचारा.

मामा गणवेश सारखा करत पुढे आला. त्याने भारदस्त मान हलवली, पेटी उघडली, यंत्र रोखलं. लवंगीने फिरवली. मागे नुसतं मोकळं मैदान आणि झुडपं.

चोपन्न.

"डोळे मीट नीट," मामा म्हणाला.

पंचावन्न. मामाने यंत्राला दोन चापट्या मारल्या. परत चोपन्न. आता कुणी हसत नव्हतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. लवंगीला हेल्मेटची जाळी धूसर दिसायला लागली. वर्षभर टेकव आणि पळ. वर्षभर झुडपं.

"कुठे मोजलं होतं हे सत्त्याण्णव?" बाईंनी विचारलं. आवाज नरम होता.

लवंगीने सगळं सांगितलं. आईचं फ्रेमचं दुकान, समोरचा सरळ रस्ता, गुरुवारची संध्याकाळ, रस्त्याकडे पाठ. आणि कानाशी झालेला तो आवाज. भर्रर्रर्र.

रस्त्याकडे पाठ, हे शब्द ऐकले आणि मामाच्या तोंडाचा आ झाला. त्याला आजोबांची काठी आठवली. न्हाव्याचा टॉवेल आठवला. सगळ्यात शेवटी आठवलं ते काळं काहीतरी. त्याची नजर मैदानाच्या फाटकाशी गेली. तिथे एक काळी मोटारसायकल उभी होती, आरशाला हेल्मेट टांगलेलं. मग ती नजर हळूहळू सरकत बाईंच्या गळ्यातल्या शिट्टीवर येऊन थांबली.

आजवर शिट्टीबाईंना कुणी लाजताना पाहिलं नव्हतं. त्यांनी शिट्टी मुठीत झाकली.

"गुरुवारी मला जरा उशीर झाला होता," त्या म्हणाल्या.

"हेल्मेट होतं, बाई?" बुलडोझरने विचारलं. तिच्या प्रश्नांचा हा असा स्वभाव. साधे असतात आणि वर्मी बसतात.

मामा घसा खाकरत, टोपी सारखी करत, अतिशय अवघडून म्हणाला, की बाई, माफ करा, पण रविवारी सकाळी वर्गाला यावं लागेल. बाईंनी मान हलवली. नियम म्हणजे नियम, एवढंच बोलल्या. आणि मग स्वतःवरचं सगळ्यांचं लक्ष उडवायला म्हणा किंवा खरोखरच म्हणा, त्यांनी बुलडोझरला बॅट घेऊन उभं केलं आणि मामाला तिचा वेग मोजायला सांगितलं.

बुलडोझरने काळी बॅट फिरवली. मामाने आकडा वाचला, आणि या वेळी बुलडोझरच्या मागे रस्ता नाही ना, म्हणून मान वाकवून तिच्या पलीकडे पाहिलं.

"एकोणपन्नास."

एकोणपन्नास! चोपन्न त्याच्याहून जास्त, हे लवंगीला मनातल्या मनात दोनदा मोजून पाहावं लागलं.

"वेग तुझाच जास्त आहे," बाई म्हणाल्या. "पण बॅटमध्ये वेग ठेवून काय करणार? तो बॉलला द्यावा लागतो. आणि ही पिवळी टाक आधी. अगं, रिकामा खोका कितीही जोरात आदळला तरी भिंत पडत नाही." त्यांनी पोत्यातून एक मधली बॅट काढून तिच्या हातात दिली. काळीपेक्षा हलकी, पिवळीपेक्षा चांगलीच भरदार. "ही पेलते? वेग न मोडता? मग दोन्ही पाय खाली. आणि डोळे."

"डोळे उघडे," बुलडोझर पुटपुटली. "मी फक्त बॉलकडे बघते. दुसरं काहीच करत नाही."

लवंगी उभी राहिली. दोन्ही पाय जमिनीवर. जीभ तोंडात. पिचरच्या हातून बॉल सुटला आणि लवंगीला तो चक्क दिसला! त्याची लाल शिवण फिरताना दिसली. इतकी वर्षं टेकवताना हा बॉल असा दिसतो हे तिने नीट पाहिलंच नव्हतं. बॅट टेकण्याआधीच तिचं लक्ष पळण्याकडे असायचं. तिने बॅट फिरवली. हाताला धक्का नाही, झिणझिण्या नाहीत, नुसता एक गोड आवाज. टक्!

बॉल गेला. सरळ, सपाट, बाणासारखा.

आता मामा. मामा पिचरच्या मागे बऱ्याच अंतरावर, यंत्र रोखून, पडद्यात डोळे घालून उभा होता. त्याने आकडा पाहिला. शहाऐंशी. एवढा आकडा कसा, मागे तर रस्ता नाही, या विचारात तो असतानाच तो आकडा त्याच्यापर्यंत येऊन पोचला. खळ्ळकन आवाज झाला. मामा गवतात बसला होता, टोपी एकीकडे, यंत्राची पुढची भिंगाची बाजू दुसरीकडे, आणि बॉल तिथून उसळून आरामात कुंपणापलीकडच्या झुडपांत चालला होता.

सगळे मामाकडे धावले. त्याला काहीही झालं नव्हतं. त्याने यंत्राची मागची बाजू उचलून दाखवली. पडद्याला तडा गेला होता आणि आतला आकडा तसाच गोठला होता. शहाऐंशी.

"सरकारी यंत्र आहे," मामा म्हणाला. मग थोडं थांबून, "पण काय मारलंस गं!"

बाईंनी क्रम सांगितला. चौथी बुलडोझरच. लवंगी पाचवी. "आणि तुझं टेकवणं बंद," त्या म्हणाल्या. लवंगी आनंदाने तिथल्या तिथे एवढी उंच उडाली, की क्षणभर ती बुलडोझरएवढी दिसली. मग बुलडोझर झुडपांत शिरली आणि बॉल शोधायला लागली. लवंगीला तो क्षण कुंपणापार मारलेल्या फटक्यापेक्षाही मोठा वाटला.

घरी आल्या आल्या तिने आईला सांगितलं, की मी पाचवी झाले आणि एक वस्तू फुटली. आईने हातातली काच अलगद खाली ठेवली आणि विचारलं, "आपली का?" सरकारची, असं कळल्यावर तिचा श्वास परत चालू झाला, आणि मग सरकारची म्हणजे आपल्या भावाच्या हातातली, हे समजून तो पुन्हा थांबला.

साहेबांनी मामाचा जबाब शांतपणे ऐकून घेतला, असं मामा सांगतो. शेवटी त्यांनी एवढंच फर्मावलं, की यंत्र रस्त्याऐवजी मैदानात नेणाऱ्याने रविवारी वर्गाला बसावं, आणि ज्याने ते फोडलं त्यालाही सोबत आणावं.

म्हणून रविवारी सकाळी वाहतूक कचेरीतल्या पहिल्या बाकावर तिघं ओळीने बसली होती. कडेला मामा, मधे शिट्टीबाई आणि पलीकडे लवंगी, जिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. मागे अर्धं गाव. साहेबांनी खडू ठेवला आणि एकेकाला उभं केलं. मामाने मान खाली घालून आपली हकिगत सांगितली. बाईंनी सत्त्याण्णव सांगितले. हेल्मेट कुठे होतं असं विचारल्यावर त्या इतक्या हळू बोलल्या, की साहेबांना त्यांना परत सांगायला लावावं लागलं. कोपराला, साहेब.

मग लवंगी उभी राहिली.

"तू काय चालवत होतीस?"

"बॅट."

साहेबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"हेल्मेट घातलं होतंस?"

"हो, साहेब. जाळीचं."

साहेबांनी तिला बसायला सांगितलं आणि ते वर्गाकडे वळले. या मुलीकडून शिका काहीतरी, असं ते मोठ्यांदा म्हणाले. शिट्टीबाईंनी सवयीने शिट्टी तोंडाशी नेली आणि परत खाली सोडली. लवंगीची छाती अभिमानाने एवढी फुगली, एवढी फुगली, की तिने ठरवलं, आता काहीतरी बोललंच पाहिजे. ती परत उभी राहिली.

"साहेब, एक विचारू? नवं यंत्र आलं की माझं पुन्हा मोजाल?"

साहेबांच्या हुकमाने पुढचे तीन रविवार ती त्याच बाकावर आहे.